चौदा नंबरची ओ

मला कुणी हाक मारली की मी लगेच ओ देतो. पहिल्याच हाकेला. यात काय विशेष, असं कोकणाबाहेरच्या माणसाला वाटेल. पण मी राजापूरचा. आमच्याकडे पोर बोलायला लागलं की त्याला दोन गोष्टी शिकवतात: मासा काटा बघून खायचा, आणि एका हाकेला ओ द्यायची नाही. भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला मागून कुणी आपलं नाव घेतलं, तर गप्प उभं राहायचं. दुसरी हाक आली, तिसरी आली, की समजायचं माणूस आहे. एकदाच येऊन थांबली तर जे कोण असेल ते असो, आपण आपली वाट धरायची. माझी आई या बाबतीत इतकी कडक की जेवायला बोलावतानाही तीनदा ओरडायची, आणि मी दुसऱ्या हाकेला आलो तर पाठीत धपाटा घालायची.

ही सवय सुटली ती सुगंधाकाकींमुळे. सुगंधा आयरे. पालीच्या आतल्या अंगाला त्यांचं गाव. सकाळच्या एसटीने रत्नागिरीत यायच्या, संध्याकाळच्या एसटीने परत. नवरा मुंबईला, वर्षातून दोनदा येणारा, गणपतीला आणि शिमग्याला. वय पन्नाशीच्या आसपास, नक्की किती ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी त्यांना तीन वर्षं रोज बघत होतो, आणि खरं सांगायचं तर त्यातली पहिली दोन वर्षं मला त्यांची भीतीच वाटायची.

आम्ही कामाला होतो ते मासळीचं शीतगृह. गावाबाहेर, एमआयडीसीत. सगळे त्याला नुसतं 'कोल्ड' म्हणत. मासळी साठवायच्या दोन मोठ्या खोल्या, एक नंबर आणि दोन नंबर. बाहेर कातळ तापून चप्पल भाजायची, आणि सहा इंच जाड दाराच्या आत उणे अठरा. दार उघडलं की पांढरं धुकं जमिनीसरशी सरपटत बाहेर यायचं आणि बायकांच्या घोट्यांपाशी घुटमळायचं. आत सकाळ, दुपार काही नव्हतं, बारा महिने एकच निळसर उजेड. मधूनच पंखे थांबत. मग इतकं सामसूम व्हायचं की आपण एकटे आहोत याची खात्री वाटायच्या ऐवजी उलटंच काहीतरी वाटायचं. मी कधी आत गेलोच तर पाठीमागे न बघता बाहेर यायचो.

आत कामाला बारा बायका. बांगड्याची, कोळंबीची, म्हाकुलाची गोठलेली खोकी आणायची, रचायची, पुन्हा काढायची. जाड जॅकेटं चार. जी आत जाईल तिने घालायचं, बाहेर आली की दुसरीच्या अंगावर द्यायचं, त्यामुळे ती आतून कायम ओली. हातमोजे फाटलेले, म्हणून बायका लोकरीच्या मोज्यांवर दुधाच्या पिशव्या बांधायच्या. बसायला मनाई. संडास होता तो ऑफिसच्या बाजूला, आणि त्याची किल्ली ठेकेदाराच्या खिशात. बायका मग मागच्या भिंतीपलीकडे करवंदीच्या जाळीत जायच्या. हजेरी दिवसातून तीनदा व्हायची, आणि त्या वेळी जी समोर नसेल तिचा अर्धा दिवस बुडाला. त्यामुळे एखादी जाळीत गेली असेल तर तिच्या नंबराला दुसरी कुणीतरी ओ द्यायची. मला हे माहीत होतं, आणि ते गमतीचं वाटायचं.

हो, नंबराला. ठेकेदाराच्या यादीत बायकांना नावं नव्हती. एखादी सोडून गेली की तिचा नंबर नवीला. मी स्टोअर क्लार्क. काचेच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसून माइकवरून नंबर पुकारायचो. माझं स्वतःचं असं एक जॅकेट होतं, ते खुंटीवर असायचं. नोकरीच्या सगळ्या काळात मी ते दहा वेळा घातलं असेल.

पहिल्याच दिवशी मी पुकारलं, "चौदा नंबर!"

"ओ," असं उत्तर आलं. आणि दोन श्वासांनंतर, जरा हलक्या आवाजात, पुन्हा, "ओ."

मी काचेतून बघितलं. वाळकी, उंच बाई. साडीवर नवऱ्याचा शर्ट, शर्टावर स्वेटर, डोक्याला मफलर आणि मफलरखालून डोकावणारा अबोलीचा वळेसर. उणे अठरामध्ये जाताना केसांत अबोली माळणारी ही एकटीच.

"काकी, एकदा ओ दिली तरी मला ऐकू येतं हो," मी माइकवरूनच म्हणालो आणि आपण मोठा विनोद केला अशा थाटात बाकीच्यांकडे बघितलं. कुणी हसलं नाही. एकीने तर हातातलं खोकं खाली ठेवून पदर तोंडाला लावला.

काकी काचेजवळ आल्या. "त्यातली येक माजी हाय," एवढंच म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

ऑफिसात विचारलं तर सगळ्यांनी विषय बदलला. चौदा नंबर आधी दुसऱ्या बाईचा होता, ती वारली, नंतर तो घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा काकींनी आपला सहा नंबर सोडून तो मागून घेतला, इतकं समजलं. दिवसातून तीन हजेऱ्या, प्रत्येक हजेरीला दोन ओ. काही दिवसांनी मला त्याची सवय झाली. वाईट हे, की दुसरी ओ यायला उशीर झाला तर मी माइक हातात धरून तिची वाट बघत बसायला लागलो.

काकींचे आणखीही प्रकार होते. दोन नंबरचं दार लावायच्या आधी त्या उंबऱ्यावर उभ्या राहून आत गेलेल्या प्रत्येकीचं नाव घ्यायच्या. नंबर नाही, नाव. "वैशाली. सुनंदा. पार्वती. रुकसाना." जिचं नाव घेतलं तिने बाहेर येऊन ओ द्यायची, तोंड दाखवायचं, मगच दुसरं नाव. ठेकेदार ओरडायचा, "काकी, गारवा जातोय बाहेर! शाळा भरवलीय काय?" काकी ढिम्म. सगळी नावं संपली की त्या आतल्या धुक्याकडे तोंड करून आणखी एक नाव अगदी हळू घ्यायच्या, क्षणभर थांबायच्या आणि मग दार लावायच्या. नवी बाई असली की तिला त्या दिवशी बाहेरच्या उन्हातही काटा यायचा.

थंडीबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं. बोटं बधिर झाली की चोळायची नाहीत, काखेत धरायची. ओला स्वेटर असेल तर कोरडा होईतो आत पाऊल टाकायचं नाही, ठेकेदार काही म्हणो. त्यांचं एक म्हणणं होतं: "थंडी वाजत्ये तोवर बरं हाय. वाजायची थांबली की भ्यायचं. थंडी चावत न्हाय बायांनो, निजवते." हे त्या इतक्या साध्या आवाजात सांगायच्या, जसं कुणी आमटीत मीठ किती घालायचं ते सांगावं.

आणि दुपारी जेवायला सगळ्या जणी काजूच्या झाडाखाली बसत, तेव्हा काकी एकट्या दोन नंबरच्या दाराशी. भाकरीचा तुकडा मोडायचा, कान दाराला लावायचा. मधूनच बोटाच्या पेराने तीनदा टकटक करायची आणि म्हणायचं, "हाय गो, हाय. हितंच हाय." मी केबिनमधून बघायचो. भर दुपार, ऊन रणरणतंय, बाहेर कावळे ओरडताहेत, आणि ही बाई बंद दाराशी गप्पा मारतेय. मी डबा पाठ फिरवून खायला लागलो.

दुसऱ्या वर्षी एकदा मला राहवलं नाही. डबा घेऊन मी त्यांच्याजवळ गेलो आणि थट्टेचा आव आणून विचारलं, "काय म्हणते आतली मंडळी?"

काकींनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ, तू राजापूरचा ना?"

"हो."

"मंग तुला कळंल. बस."

मी बसलो. त्या सांगत होत्या तेवढा वेळ त्यांचा एक हात दारावर होता.

"मंदा माज्या गावची. माज्या पाठोपाठ लगीन होऊन आलेली. येकाच येष्टीनं यायचाव, येकाच शिटावर. चौदा नंबर तिचा. त्या दिशी बाराला जेवायला निगालाव. मी शेवटची. डबा हातात. हितं, ह्या फरशीवर आले नि कानाशी हाक आली. 'गो सुगंधा.' मंदाचाच आवाज. वळून बगते तर मागं कोन न्हाय, दार बंद. भर बाराची येळ. मी हुबी राह्यले. म्हनलं, दुसरी येऊ दे."

"आली?"

"न्हाय."

माझा घास हातातच राहिला. आईने मला हेच शिकवलं होतं.

"जेवान झालं नि हजेरी झाली. चौदा नंबर पुकारला. मंदा दिसंना. मना वाटलं, गेली आसंल जाळीत. तिचा अर्दा दिस कशाला जावा? मीच ओ दिली. मंग ठेकेदारानं समद्यांना मागल्या अंगाला गाडी उतरवायला न्येलं. पाचला दार उगडलं." दारावरचा हात त्यांनी काढून घेतला आणि त्याच्याकडे बघितलं. "तिनं मारलेल्या हाकंला ओ दिली न्हाय, आनि तिच्या नंबरला दिली. माज्या त्या ओ मुळं कोनी शोदलंन न्हाय तिला."

मंदा सापडली ती खोक्यांच्या थप्पीवर बसलेली. चपला काढून जोडीने ठेवलेल्या. स्वेटर काढून त्याची नीट घडी घालून मांडीवर. डोळे अर्धे मिटलेले. उन्हातून घरी येऊन पडवीत टेकावं, तशी. बायकांनी बघितलं आणि त्यांची खात्रीच झाली की आत काहीतरी आहे आणि त्याने तिला हे करायला लावलं. पुढे एका डॉक्टरांकडून मला कळलं की तसं होतं, गारठ्याने माणूस जायला लागला की शेवटी शेवटी त्याला एकदम उकडायला लागतं. कळून माझी भीती कमी झाली नाही. कंपनीच्या कागदात हृदय कमजोर असल्याचं आलं. मॅनेजर वर म्हणायचे, "स्वेटर तिने स्वतःच्या हाताने काढला. त्याला आपण काय करणार?"

खरी गोष्ट दांड्याची होती. अशा दाराला आतून एक लाल दांडा असतो, तो दाबला की बाहेरची कडी सुटते. दोन नंबरचा दांडा मंदाच्याही आधीपासून मोडलेला होता. दाबला की नुसता गरगर फिरायचा. काकी दर महिन्याला मॅनेजरांच्या टेबलासमोर उभ्या राहायच्या आणि तेच एक वाक्य बोलायच्या, "सायेब, दांडा." मॅनेजर म्हणायचे, "पार्ट मागवलाय, काकी." ही पार्टाची गोष्ट चार वर्षं चालली. काकींनी दारात खोकं अडकवून ठेवावं तर ठेकेदार लाथेने ते बाजूला सारायचा.

आणि मी रोज सकाळी तपासणीच्या कागदावर लिहायचो: 'दोन नंबर, आतील दांडा: ठीक.' रुजू झालो त्या दिवशी मला सांगितलं होतं, सगळीकडे ठीक लिहायचं. मी लिहीत गेलो. मंदाची हकिगत ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीही मी 'ठीक'च लिहिलं. हे सांगताना आज मला लाज वाटते, पण तेव्हा मला नोकरी होती आणि मांडवीला भाड्याची खोली होती.

त्या मोडक्या दांड्यावर काकी केसांतल्या वळेसराचा अर्धा तुकडा रोज अडकवायच्या. एकावर एक वळेसर गोठत गेले. अबोली बाहेर दुपारपर्यंत टिकायची नाही, पण आत तिचा रंग जायचा नाही. महिनोन् महिने ती तशीच केशरी, वर बारीक हिमाचा भुगा. मला ती फुलं बघवायची नाहीत.

मग ऑडिट आलं. माल घेणाऱ्या बाहेरच्या कंपनीचा माणूस तपासणीला येणार होता. आदल्या दिवशी आठ नवी जॅकेटं आली, चिठ्ठ्या न काढलेली. हातमोजे आले. संडासाचं कुलूप निघालं आणि आत साबणसुद्धा ठेवला गेला. बायकांना काय बोलायचं ते पढवलं. लग्नघरी सोफा मागून आणतात, तशी सगळी तयारी. दुसऱ्या दिवशी सगळं परत जाणार हे बायकांना माहीत होतं, म्हणून वैशालीने नवे हातमोजे घातलेच नाहीत. म्हणाली, "हातांना सवय नको."

तपासनीस तरुण होता, चष्मेवाला, हातात यादी. स्वभावाने वाईट वाटला नाही, पण घाईत होता. बारा वाजायच्या सुमारास तो, मॅनेजर आणि फाइल धरून मी, असे दोन नंबरपाशी आलो.

"दार आतून उघडतं?"

"उघडतं ना," मॅनेजर म्हणाले. तपासनिसाचं पेन कागदावर टेकलं.

"सायेब," मागून काकी म्हणाल्या, "मी आत जात्ये. तुमी दार लावा. उगडलं तर मी भायेर येन."

मॅनेजर हसले. "काकी, साहेबांना वेळ नाही."

"येळ लागत न्हाय. दांडा दाबायचा नि यायचं."

तपासनीस म्हणाला, "ठीक आहे, जाऊ दे की त्यांना." काकी आत गेल्या. दार बंद झालं. कडीचा खटका वाजला.

आम्ही तिघे उभे राहिलो. दार उघडलं नाही. मॅनेजरांच्या कपाळावर घाम आला आणि ते भराभर बोलू लागले: बाई जरा डोक्याने अशीच आहे, मुद्दाम दाबत नसणार, मैत्रीण हृदयविकाराने गेली त्याचा धसका घेतलाय, या दाराआडून तिची हाक ऐकली म्हणते. दारात सहा इंच फोम भरलाय साहेब, आत बाँब फुटला तरी बाहेर कळायचं नाही. आणि मग माझ्याकडे वळून, "सांगा हो तुम्ही. येतो का कधी आतून आवाज?"

मी तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी, माझ्या डाव्या कानाशी, फार लांबून नाही, फार मोठ्याने नाही, एका बाईने हाक मारली.

"गो सुगंधा."

मी मागे बघितलं. मोकळी फरशी, त्यावर ऊन. बायका लांब काजूखाली. मॅनेजर आणि तपासनीस माझ्या तोंडाकडे बघत होते, त्यांनी काही ऐकलं नव्हतं. काकींचा आवाज मी तीन वर्षं रोज ऐकला होता, हा त्यांचा नव्हता. आणि आत असलेली बाई स्वतःलाच कशाला हाक मारेल?

मी गप्प उभा राहिलो. आईने शिकवलं होतं तसाच, मान न हलवता. दुसरी येऊ दे, असं मनात म्हणालो. दुसरी आली नाही.

"नाही सर," मी म्हणालो. "आतून काही ऐकू येत नाही."

"आणि दांडा?"

"चालतो."

पेनाने यादीत खूण केली. मॅनेजरांनी बाहेरून कडी काढली. काकी बाहेर आल्या, पापण्यांवर पांढरं, ओठ काळे पडलेले. त्यांनी तपासनिसाकडे बघितलंच नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच विचारलं, "भाऊ, आली ना हाक?"

मी फाइल उघडून तिच्यात काहीतरी शोधू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनने त्यांना गेटवर थांबवलं. बुद्धी ठिकाणावर नाही, अशी बाई धोक्याच्या जागी नको, असं कारण. काकी भांडल्या नाहीत. गेटच्या गजांना धरून उभ्या राहिल्या आणि तिथूनच एकेकीचं नाव घेऊ लागल्या. "वैशाली. सुनंदा. पार्वती. रुकसाना." आतून एकेक ओ आली. शेवटचं नाव घेऊन त्या थांबल्या, ऐकल्यासारखं केलं आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागल्या. मी हे केबिनमधून बघितलं. उठलो नाही.

चार दिवसांनी नवी बाई आली, रेश्मा. माहेर केळशीचं, दोन मुलांची आई, हसतमुख. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठेकेदाराने तिला रिकामा नंबर दिला. सकाळच्या हजेरीला मी पुकारलं, "चौदा नंबर."

"ओ!" रेश्मा म्हणाली.

आणि बाकीच्या अकरा जणी जागच्या जागी थांबल्या. कुणाच्या हातात खोकं, कुणाचा मोजा अर्धा चढवलेला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळ्या दुसरी ओ यायची वाट बघत होत्या. मीही. पंखे थांबलेले होते. रेश्माचं हसू हळूहळू मावळलेलं मला आठवतं. ती म्हणाली, "काय झालं? माझं काय चुकलं?" आणि तिला ओलं जॅकेट आणि फाटके मोजे घालून दोन नंबरमध्ये पाठवण्यात आलं.

त्या दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी दारात दोन खोकी अडकवली आणि आत गेलो. दांड्याला हात लावला. तो फिरला, नुसताच, आणि त्याच्यावरची अबोली कडकड वाजली. मी फोटो काढला. केबिनमध्ये येऊन तपासणीच्या कागदावर लिहिलं: 'दोन नंबर, आतील दांडा: मोडलेला. दार आतून उघडत नाही. पूर्वी एक बाई गेली आहे.' दोन्ही तपासनिसाला पाठवून दिलं. त्याचं कार्ड फाइललाच टाचलेलं होतं. फार मोठं काही केलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. हे मी पहिल्या महिन्यात करायला हवं होतं.

आठवड्यात फिटर आला. चार वर्षं न आलेला पार्ट त्याच्या पिशवीत होता, एक लाल, चकचकीत दांडा. तासाभराचं काम. जुना दांडा त्याने अबोलीसकट आतच खोक्यांवर ठेवून दिला. मॅनेजर माझ्यावर ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "शनिवारपर्यंत या. मग नका येऊ." मी मान हलवली. वैशालीकडून काकींच्या शेजारच्यांचा नंबर घेतला, फोन केला आणि निरोप ठेवला: दांडा बसला.

शनिवारी बाराच्या सुमारास काकी आल्या. कोरं लुगडं नेसून, केसांत अबोली. वॉचमन त्यांना बघून दुसरीकडे बघत बसला. बायका काजूखाली जेवत होत्या, त्या उठल्या, पण जवळ कुणी आलं नाही. काकी माझ्याशी काही बोलल्या नाहीत. मीच म्हणालो, "काकी, त्या दिवशी हाक आली होती. मी ऐकली."

"म्हायत हाय," त्या म्हणाल्या. "दार लाव."

"आत थंडी..."

"लाव रे."

मी माझं जॅकेट त्यांच्या खांद्यावर घातलं. त्या आत गेल्या. मी दार लावलं. खटका वाजला. तळहात दारावर ठेवून मी उभा राहिलो. आतून कसलाच आवाज नाही. मनात आलं, दांडा अडकला तर? आणि लगेच दुसरं मनात आलं, या वेळी हाक आली तर पहिल्याच हाकेला ओ द्यायची, कुणाची का असेना.

खटका सुटला. दार आपोआप माझ्या अंगावर आलं.

काकी बाहेर आल्या. त्यांच्या ओच्यात जुन्या दांड्यावरची सगळी अबोली होती, केशरीच्या केशरी. पण त्यांनी दार लावलं नाही. पाठीने ते उघडं धरून आत तोंड करून उभ्या राहिल्या. धुकं जमिनीवरून वाहत बाहेर येत होतं. आणि रोज एसटीच्या घाईत म्हणत असतील त्या आवाजात त्या म्हणाल्या, "चल गो मंदा. गाडी चुकंल."

मी दाराच्या मधोमध उभा होतो. अशा गोष्टींवर माझा विश्वास आहे की नाही, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मी दोन पावलं बाजूला सरलो आणि वाट दिली.